पित्तासाठी उतरती उशी : विकतची आणि करून घेतलेली

रात्री आडवं झालं की छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, मध्यरात्री ठसका लागून उठून बसायचं आणि मग पहाटेपर्यंत भिंतीला टेकून डुलक्या घ्यायच्या, असा त्रास ज्यांना आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पित्तावर म्हणून उतरत्या फोमच्या उशा आता ऑनलाइन भरपूर मिळतात. एका टोकाला सात-आठ इंच जाड, दुसऱ्या टोकाला पातळ होत शून्यावर आलेल्या. कंबरेपासून डोक्यापर्यंतचं अंग त्यावर टाकायचं, म्हणजे छाती पोटापेक्षा वर राहते.

मी दोन वापरल्या आहेत. पहिली ऑनलाइन मागवली, १,८०० रुपयांना. दुसरी इथे सोलापुरातच एका फोमच्या दुकानातून माझ्या मापाने कापून घेतली, खोळीसकट १,२५० रुपयांना. पहिलीला मी ५ पैकी २ देईन, दुसरीला ४. पण या दोन्हींच्या आधी ज्याला पूर्ण गुण द्यायचे ते विकत मिळत नाही. ते म्हणजे डाव्या कुशीवर झोपणं. माझ्या सासूबाई ते रोज दुपारी करायच्या आणि आम्ही त्याला त्यांची विश्रांती समजायचो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे, ते वगळू नका. उशीपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

माझी खानावळ आहे. दुपारी अकरा ते तीन, रात्री सात ते साडेदहा. ज्वारीची भाकरी, कडक भाकरी, शेंगाची चटणी, दोन भाज्या, आमटी-भात. येणारे जास्त करून यंत्रमागावरचे कामगार आणि बाहेरगावची शिकणारी मुलं. जो दुसऱ्यांना वाढतो तो सगळ्यांत शेवटी जेवतो, हे या धंद्यात ठरलेलं. वर्षानुवर्षं माझं रात्रीचं जेवण अकराला आणि झोप बाराला. हातात ताट घ्यायचं तेव्हा भूक मरून गेलेली असते, म्हणून तिखट चटणी लावून भराभर खायचं आणि पोट गच्च भरलेलं असतानाच आडवं व्हायचं.

त्रास वाढला तेव्हा डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप सैल पडली होती आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज होती. गोळ्या दिल्या, जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या. (बरेच जण या गोळ्या जळजळ सुरू झाल्यावर घेतात आणि मग गुण येत नाही म्हणतात. त्यांचं काम जेवणाआधी सुरू व्हावं लागतं.) त्याबरोबर त्यांनी सांगितलं की पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उचलून घ्या, उशीवर उशी मात्र ठेवू नका. उशांची चळत लावली की मान वाकते, अंग कंबरेत दुमडतं, पोट दाबलं जातं आणि आतलं आणखी वर येतं. वर व्हायला हवं ते अख्खं धड.

इथे एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे कुणाचे पैसे वाचत असतील तर वाचोत. तुमच्या पलंगाला किंवा लोखंडी कॉटला पाय असतील तर ही उशी घेऊच नका. सुताराकडून सहा इंचाचे दोन लाकडी ठोकळे करून घ्या, वरून खोबण पाडून, म्हणजे पाय घसरणार नाही. ते डोक्याकडच्या दोन पायांखाली ठेवा. सगळं अंग डोक्यापासून पायापर्यंत एकसारखं उतरतं राहतं, कुठेच दुमड पडत नाही, कूस बदलायला जागा असते. माझ्या माहेरी वडिलांच्या खाटेखाली अशाच विटा होत्या. त्यांना दमा होता, म्हणून आजीने ठेवल्या होत्या. उशी त्या विटांच्या बरोबरीला येत नाही, हे मी दोन्हीकडे झोपून सांगते आहे.

आमचा दिवाण पेटीचा आहे. त्याला पाय नाहीत, आत खानावळीची जादा पातेली आणि पाहुण्यांच्या गाद्या. शिवाय आमच्या यांना मणक्याचा त्रास, त्यांना सपाटच झोपावं लागतं. म्हणून उशीकडे वळले.

आधी ऑनलाइनची. लांबी २४ इंच, रुंदी २४ इंच, जाड बाजू ८ इंच. जाहिरातीत लिहिलं होतं, ४० डेन्सिटीचा फोम, कधीच दबणार नाही, घोरणं, पाठदुखी, सायनस, पित्त सगळं जाईल. खोक्यात गुंडाळून आली, उघडल्यावर फुगली. वास उग्र होता, तो खोली उघडी ठेवल्यावर आठवडाभरात गेला. पहिले काही दिवस बरं वाटलं. महिन्याभरात खांद्याखालची जागा बसायला लागली. आठ इंचाची म्हणून घेतलेली उशी, पण अंग टाकलं की डोकं जेमतेम चार-पाच इंच वर राहायचं.

माझ्या खानावळीत वजनकाटा आहे, म्हणून मी ती काट्यावर ठेवली. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, इतकं साधं आहे. फोमचे दुकानदार ३२, ४० म्हणतात ते तेच. उतरत्या उशीची लांबी, रुंदी, जाडी इंचात गुणायची आणि अर्धी करायची. माझी २,३०४ घनइंच झाली. एका घनमीटरमध्ये साधारण ६१,००० घनइंच असतात. हिशेब केला तर ४० डेन्सिटीची ती उशी दीड किलोच्या आसपास भरायला हवी होती. काट्यावर भरली ९०० ग्रॅम. म्हणजे २४ डेन्सिटी. असा फोम अंगाच्या भाराखाली टिकत नाही. मी फोटोसकट तक्रार केली तर परत घेण्याची मुदत संपली म्हणून उत्तर आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तशाच उशा वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाताना दिसतात. वजन करून पाहा एवढं सांगते. काटा घरात नसेल तर किराणा दुकानात न्या, कुणी नाही म्हणणार नाही.

तिचा दुसरा दोष मापाचा. २४ इंचात ८ इंच चढ म्हणजे फार उभा. माझी उंची साधारण आहे, तरी उशीची पातळ कड कंबरेच्या वर, बरगड्यांच्या खालच्या बाजूला यायची. नेमकी तिथेच दुमड पडायची आणि पोट दाबलं जायचं. डॉक्टरांनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं तेच ही उशी करत होती. आणि चढ जास्त असल्यामुळे रात्रभर मी खाली घसरत राहायची. सकाळी डोकं उशीच्या मध्यावर आणि पाय दिवाणाच्या बाहेर.

मग फोमच्या दुकानात गेले. गाद्या, सोफ्याच्या बैठका, रिक्षाच्या सीटा कापून देणारं दुकान. तिथल्या दादांना सांगितलं, ३२ इंच लांब, २४ रुंद, जाड बाजू ७. ते म्हणाले, "मावशी, उशी एवढी लांब कुणी घेत नाही." मी म्हटलं, मला डोक्यासाठी नाही, पाठीसाठी पाहिजे. त्यांनी ठोकळ्याला तिरकी आखणी केली, तारेच्या मशीनवर कापला, आणि माझ्यासमोर वजन केलं. पावणेदोन किलोच्या आसपास. ४० डेन्सिटीचा हिशेब बरोबर जुळला. उरलेला अर्धा ठोकळा म्हणजे दुसरी तशीच उशी. तेव्हा शेजारच्या कुणाला हवी असेल तर दोघींनी मिळून घ्या, भाव कमी होतो.

सावरीच्या कापसाची करून घ्यावी असंही मनात आलं होतं. गादीवाल्याने स्वतःच नको म्हटलं. कापूस बसतो, उतार धरून राहत नाही, दर दोन-तीन महिन्यांनी पिंजून घ्यावा लागेल. खरं सांगितल्याबद्दल त्याचं कौतुक, कारण त्याचं गिऱ्हाईक जात होतं.

लांब उशीचा फरक पहिल्या रात्रीच कळला. पातळ कड कंबरेच्या खाली, बसायच्या जागेपाशी येते, त्यामुळे पोटावर घडी पडत नाही. चढ सौम्य असल्याने घसरणंही कमी. तरी थोडं घसरायला होतंच. त्यावर उपाय म्हणजे जुनी चादर घट्ट गुंडाळून गुडघ्यांखाली ठेवायची, पाठीवर झोपलात तर. कुशीवर झोपलात तर तीच दोन गुडघ्यांच्या मध्ये. खोळ गुळगुळीत सॅटिनची शिवू नका. मी सोलापुरी चादरीचीच शिवून घेतली. तिच्या जाड सुती विणीला अंग धरून राहतं.

सुती खोळीचं दुसरं कारण उन्हाळा. इथे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. फोम अंगाची उष्णता धरून ठेवतो. मे महिन्यात पाठ घामाने चिंब होऊन मी उशी बाजूला टाकायच्या बेतात होते. सुती खोळ घातल्यावर सहन होण्याजोगं झालं, पण सुखाचं नाही. एक गुण मी कापला तो यासाठीच. आणि फोमची उशी उन्हात टाकू नका. कापसाच्या गादीला ऊन दाखवायची आपल्याला सवय असते, पण फोम उन्हाने पिवळा पडतो आणि चुरा होऊ लागतो. सावलीत, वाऱ्याला ठेवा.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. सिद्धेश्वरांच्या यात्रेत गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, मोठी गर्दी असते, बाहेरगावचे लोक उशिरापर्यंत जेवायला येतात. माझं वेळेवर जेवण्याचं ठरलेलं गणित त्या दिवसांत मोडतं. बाराला जेवून साडेबाराला आडवं व्हायचं. लांब उशीवर, डाव्या कुशीवर झोपले त्या रात्री जळजळ झाली, पण ठसका लागून उठावं लागलं नाही. त्याच उशीवर झोपेत उजव्या कुशीला वळले की मात्र जाग यायची. उशी तीच, उंची तीच, आणि फरक पडला तो फक्त कुशीने.

याचं कारण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. जठर पोटाच्या डाव्या बाजूला फुगलेलं असतं आणि अन्ननलिका त्याला वरून, उजव्या कडेने येऊन मिळते. डाव्या कुशीवर झोपलं की जठराचा फुगीर भाग खाली जातो, आम्ल त्यात साठतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्या पातळीच्या वर राहतं. उजव्या कुशीवर उलटं होतं. तोंड खाली आणि आम्ल त्याच्यावर. भरलेला तांब्या आडवा केला तर तोंडाची कड वर आहे की खाली यावर पाणी सांडणार की नाही ते ठरतं, तसं. २०२२ साली ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी रुग्ण झोपेत असताना ते कोणत्या कुशीवर आहेत आणि अन्ननलिकेत आम्ल किती वेळ राहतं हे दोन्ही एकाच वेळी मोजलं. आम्ल वर येण्याच्या वेळा कुशीने फारशा बदलत नव्हत्या, पण डाव्या कुशीवर असताना आलेलं आम्ल लवकर खाली उतरत होतं. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. जळजळ येते, पण रेंगाळत नाही, जाते.

दिवसा त्रास कमी का हेही त्यांनी सांगितलं. दिवसा आपण बसलेले-उभे असतो, लाळ सतत गिळत असतो. लाळ आम्लाचा जोर मारते आणि धुऊन नेते. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणंही कमी होतं. वर आलेलं तिथेच रेंगाळतं आणि नळी भाजते. जेवणानंतर बडीशेप सावकाश चावत बसायची आपली पद्धत मला यासाठी आवडते. चावण्याने लाळ सुटते. पुदिन्याच्या गोळ्या मात्र पित्तवाल्यांनी टाळाव्यात, पुदिन्याने ती झडप आणखी सैल पडते.

आता सासूबाई. त्या अक्कलकोटकडच्या. दुपारचं जेवण झालं की लगेच कधीच आडव्या झाल्या नाहीत. आधी भिंतीला पाठ टेकून बसायच्या, तांदूळ किंवा शेंगा निवडत. मग अंगणात इकडून तिकडे फेऱ्या. मग माजघरात चटईवर, डावा हात डोक्याखाली, उजवा पाय थोडा पुढे दुमडून. अर्धा तास झाला की उठायच्या. पोरांपैकी कुणी जेवून लगेच लवंडलं की त्यांचा आवाज चढायचा. "आधी बस, मग चाल, मग पड." सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात हाच क्रम दिला आहे: जेवल्यावर अन्नाची सुस्ती उतरेपर्यंत राजासारखं स्वस्थ बसावं, मग शंभर पावलं चालावं, मग डाव्या कुशीवर पडावं. सासूबाईंनी संहिता वाचली नव्हती. त्यांना ते त्यांच्या आईकडून आलं होतं, तिला तिच्या आईकडून.

आपल्या घरांतून त्या क्रमातलं बसणं आणि चालणं गळून पडलं आहे आणि पडणं तेवढं उरलं आहे, याचं मला फार वाईट वाटतं. लोक म्हणतात, वामकुक्षी करतो तरी पित्त होतं. विचारलं तर कळतं की ताटावरून उठून थेट गादीवर, हातात मोबाइल, आणि ज्या कुशीवर चार्जरची वायर पुरते ती कूस. दोन तास झोप. ही वामकुक्षी नव्हे. आयुर्वेदाने दिवसाच्या झोपेला उन्हाळा सोडून एरवी सरसकट मोकळीक दिलेली नाही, आणि उन्हाळ्यातसुद्धा भरल्या पोटी लगेच झोपा असं कुठे म्हटलेलं नाही.

शतपावलीही रमतगमत करायची असते. जोरात चाललं, वाकून झाडू मारला, पाण्याच्या घागरी उचलल्या की भरलं पोट दाबलं जातं आणि जळजळ वाढते. जेवणानंतर सावकाश चालण्याने रक्तातली साखर एकदम चढत नाही, हा मधुमेहवाल्यांना वेगळा फायदा. आमच्या खानावळीत जेवून लगेच मोटारसायकलला किक मारणाऱ्या मुलांना मी गल्लीच्या टोकापर्यंत गाडी ढकलत न्यायला सांगते. काही जण ऐकतात.

आमच्या भागात विड्या वळणाऱ्या बायका खूप. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा, आणि पुढे वाकून तासन् तास बसायचं. जेवण पटकन आटपून परत सूप मांडीवर, कारण हजार विड्यांवर मजुरी ठरते. भरलं पोट, पुढे वाकलेलं अंग, वर घट्ट आवळलेली परकराची नाडी, आणि कित्येकींना मिशेरी. यातली प्रत्येक गोष्ट आम्ल वर ढकलणारी किंवा झडप सैल करणारी आहे. त्यांच्यातल्या जवळपास प्रत्येकीच्या पिशवीत पित्ताची गोळी असते. त्यांना १,२५० रुपयांची उशी घ्या असं मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यांना मी सांगते ते असं: जेवल्यावर सूप घेण्याआधी नाडी सैल करा, भिंतीला पाठ लावून थोडा वेळ ताठ बसा, दारापासून नळापर्यंत दोन फेऱ्या मारा, आणि रात्री डाव्या कुशीवर झोपा. शेजारची एक जण भिंतीला टेकूनच विड्या वळायला लागली आहे, सुपाखाली पाट ठेवून, म्हणजे वाकावं लागत नाही. तिचं दुपारचं दुखणं बरंच कमी झालं आहे. हे मी पाहिलेलं आहे.

जुनं आहे म्हणून सगळंच बरोबर, असं मात्र मी म्हणत नाही. अंगाच्या ठेवणीवरचे घरगुती उपाय आपल्याकडे ढीगभर आहेत आणि त्यातले काही चुकीचे आहेत. नाकाचा घोळणा फुटला की आमच्याकडे पोराला उताणं निजवून डोकं मागे करायचे, कपाळावर ओलं फडकं. रक्त घशात उतरतं आणि पोटात जाऊन उलटी होते. खरं म्हणजे ताठ बसवून थोडं पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं सलग दाबायचा, मध्ये मध्ये सोडून बघायचं नाही. उलट रात्री पोटरीला गोळा आला की आजी उठून थंड फरशीवर टाच टेकवून उभं राहायला लावायची, तो उपाय अगदी योग्य. आखडलेला स्नायू त्याने ताणला जातो आणि गोळा सुटतो. आणि उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावतात, त्याबद्दल माझं मत असं की उसण बहुतेक वेळा आपली आपणच जाते, त्या पायाने नाही. म्हाताऱ्या, हाडं ठिसूळ झालेल्या माणसाच्या पाठीवर कुणी पाय देऊ नये. डावी कूस मी मानते ती सासूबाई करायच्या म्हणून नाही, तर ती का चालते हे मला चित्रावर दिसलं आणि रात्री अंगावर कळलं म्हणून.

उशी कुणी वापरू नये हेही सांगायला हवं. लहान बाळाला अजिबात नाही. दूध ओकतं म्हणून त्याला उतारावर किंवा उशीवर झोपवू नका. बाळ पाठीवर, सपाट, उशीशिवायच झोपवायचं. ज्यांचं हृदय कमजोर आहे त्यांच्यातल्या काहींना डाव्या कुशीवर घुसमटल्यासारखं होतं, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. डावा खांदा आखडलेला असेल तर उतारावर त्या कुशीवर झोपणं त्रासाचं. मला स्वतःला सुरुवातीला खांदा दुखायचा. छातीशी एक साधी उशी कवटाळून वरचा हात तिच्यावर टाकला की भार वाटला जातो आणि खांदा सुटा राहतो. गरोदर बायकांना छातीतली जळजळ बऱ्याचदा असते आणि शेवटच्या महिन्यांत त्यांना कुशीवरच झोपायला सांगतात. त्यांना ही लांब उशी आणि डावी कूस दोन्ही उपयोगी पडतील. माझी भाची सध्या माझीच उशी घेऊन गेली आहे.

आणि कृपा करून हे नीट वाचा. छातीत भरून आलं, दडपण आलं, दुखणं डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत चाललं, घाम फुटला, दम लागला, तर ते पित्त समजून सोडा पिऊन कुशीवर पडू नका. आमच्या गल्लीतल्या एका माणसाने तसं केलं आणि घरच्यांनी त्याला दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला. बायकांमध्ये तर नुसती मळमळ आणि थकवा एवढ्यावरही हार्ट अटॅक येऊ शकतो. लगेच १०८ ला फोन करा. तसंच घास अडकायला लागला, वजन आपोआप उतरायला लागलं, उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखी काळी होऊ लागली, तर उशीची चौकशी करत बसू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

माझ्यापुरतं सांगायचं तर आता मी रात्रीचं जेवण संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या आधी, सातच्या आत उरकते. झोपण्याआधी तीन तास पोट मोकळं ठेवा असं सांगतात, ते मला यात्रेचे दिवस सोडले तर जमतं. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणली आहे. स्वतःहून बंद केलेली नाही, तुम्हीही करू नका. उशीने एकटीने हे केलं असं मी म्हणणार नाही. पण उशी नसती तर झोपेत कूस बदलल्यावर मला सांभाळणारं काही नव्हतं.

करून घ्यायची असेल तर दुकानात असं सांगा: फोम ४० डेन्सिटी, एकसंध, तुकडे चिकटवलेला नको. जाड बाजू ७ इंच, तुमची उंची साडेपाच फुटांच्या वर असेल तर ८. लांबी स्वतः मोजून द्या, जमिनीवर ताठ बसून जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजायचं. माझी ३२ इंच आली. रुंदी २४, पण झोपेत कूस बदलायची सवय असेल तर ३० घ्या. वजन समोर करून घ्या. खोळ सुती, आणि तिची चेन जाड बाजूला लावायला सांगा. पातळ बाजूला लावली तर कंबरेखाली टोचते.